बाटल्यांचा ट्रक निघण्यापूर्वी

प्रति,
दुष्काळग्रस्तांसाठी पाण्याच्या बाटल्या गोळा करणारी सर्व मंडळं, शाळा, कार्यालयं आणि स्वयंसेवक

सप्रेम नमस्कार.

दुष्काळाची बातमी आली, भेगाळलेल्या जमिनीचा फोटो छापून आला, की चार-आठ दिवसांत तुमचं आवाहन निघतं : येताना पाण्याची एक तरी सीलबंद बाटली घेऊन या. लोक आणतात. लहान मुलं तर आपल्या खाऊच्या पैशातून आणतात. खोक्यांची थप्पी वाढत जाते, ट्रकला फलक लागतो आणि तो रवाना होतो. तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. असती तर हे पत्र लिहिण्याचे श्रम घेतले नसते. पण हा ट्रक निघूच नये असं मला वाटतं, आणि का वाटतं ते नीट सांगायला हवं.

आधी कबुली. मीही हे केलंय. आमची थप्पी छातीएवढी उंच झाली तेव्हा आम्ही तिच्याकडे पाहून म्हणालो होतो, केवढं पाणी जमलं! गावात पोहोचलो, घरटी दोन-दोन खोकी दिली. दुपारपर्यंत सगळं वाटून झालं. निघताना एका बाईंनी विचारलं की गुरांसाठीचं पाणी कधी येणार आहे. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच वाटलं होतं की आमच्या मागून दुसरी गाडी येत असेल. कुणीतरी 'बघतो' म्हणालं आणि आम्ही गाडीत बसलो. त्या परतीच्या वाटेवर मी पहिल्यांदा हिशेब मांडला. तो निघण्याआधी मांडायला हवा होता.

हिशेब फार अवघड नाही. आपत्तीत मदत करणाऱ्या संस्थांनी मिळून ठरवलेली 'स्फिअर' नावाची मानकं आहेत. त्यांनुसार माणसाला दिवसाला किमान १५ लिटर पाणी मिळायला हवं. त्यातलं पिण्याचं आणि अन्नातून पोटात जाणारं पाणी जेमतेम अडीच-तीन लिटर. बाकीचं स्वयंपाकाला, भांड्यांना, हातपाय आणि अंग धुवायला. हे १५ लिटर म्हणजे चैन नव्हे, कसंबसं निभावण्याचा आकडा आहे. घरात नळ असलेला माणूस आंघोळ करताना एवढं पाणी कधी संपलं हे ध्यानातही ठेवत नाही.

आता दोन हजार वस्तीचं एक गाव घ्या, कुठलंही. त्याला रोज ३० हजार लिटर पाणी हवं. पाण्याचं एक बरं असतं, लिटरला किलो असा सरळ हिशेब. म्हणजे रोज ३० टन, म्हणजेच दहा टनी तीन ट्रक, रोज. दुष्काळ तीन महिने चालला तर २७० ट्रक. तुमचा एक ट्रक म्हणजे त्या गावात माणशी पाच लिटर, एकदाच. तो पोहोचला त्या दिवशीचीही गरज त्यात भागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं जिथल्या तिथे.

शिवाय लोक आणून देतात त्या बहुतेक अर्ध्या लिटरच्या बाटल्या. पाच जणांच्या कुटुंबाला दिवसाकाठी दीडशे लागतील. एकदा कल्पना करून बघा : घरातली बाई सकाळी उठून दीडशे झाकणं पिळते आहे, एकेक बाटली पातेल्यात उपडी करते आहे, आणि संध्याकाळी दीडशे रिकाम्या बाटल्यांचं काय करायचं म्हणून दाराशी उभी आहे. कचऱ्याची गाडी जिथे चांगल्या दिवसांतही फिरकत नाही, तिथे आपण हा ढीग पाठवत असतो.

पाणी उचलून नेणं किती जड काम आहे, हे सरकारी यंत्रणांनाही घाम फोडतं. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी नेलं गेलं. 'जलदूत' म्हणत त्या गाडीला. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, होत्या, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, खेपेला २५ लाख लिटर. ऐकायला आकडा डोळे दिपवणारा आहे. पण चार-पाच लाख वस्तीच्या शहरात तो वाटला की एका अख्ख्या रेल्वेगाडीचं पाणी डोई पाच-सहा लिटर भरतं. ती गाडी गरजेची होती, तिने लोकांना तगवलं, यात वाद नाही. मुद्दा एवढाच की रेल्वेची ही गत, तर खोक्यांची काय?

बाटली आपल्याला तहानेची आठवण करून देते, म्हणून दुष्काळ म्हणजे तहान असं आपण धरून चालतो. दुष्काळात माणसं तहानेने तडफडून मरतात असं चित्र आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात माणूस प्यायचं पाणी कसंही मिळवतो. कोसभर चालतो, उकरलेल्या झऱ्यात वाटीवाटीने भरतो, गढूळ असलं तर फडक्याने गाळतो, उसनं आणतो, कर्ज काढून विकत घेतो. तोट्यात जातं ते बाकीचं सगळं. हात धुणं आधी बंद होतं, मग अंग धुणं, मग कपडे. पाण्याच्या रांगेत पोरीबाळींची शाळा बुडते. आणि मग येतात ते आजार. सोमालियात २०१७ साली दुष्काळाच्या पाठोपाठ पटकी (कॉलरा) आणि तीव्र जुलाबाची साथ आली, वर्षभरात ७५ हजारांहून जास्त रुग्ण झाले. कमतरता बाटलीची नव्हती. हात धुवायला, भांडी घासायला पुरेसं पाणी नव्हतं, आणि जे होतं त्यात क्लोरीन नव्हतं. खरूज, डोळे येणं, हे सगळं त्याच रांगेतलं. डायलिसिसवर असलेल्या रुग्णाचं उदाहरण तर कुणाच्या डोक्यातही येत नाही. एका वेळच्या डायलिसिसला शंभर लिटरहून जास्त शुद्ध पाणी लागतं. बाटल्यांतून ते कुठून आणणार?

आणि गुरं. एक गाय दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी सहज पिते, दुभती असली तर आणखी. दुष्काळात घर मोडतं ते बहुतेकदा गोठ्याच्या बाजूने. जनावर मिळेल त्या भावाने विकलं की पाऊस पडल्यावर उभं राहायला काही उरत नाही. त्या बाईंचा प्रश्न म्हणूनच मला इतक्या वर्षांनी छळतो. त्यांना दुष्काळ काय असतो ते ठाऊक होतं, आम्ही मात्र तहान भागवायला गेलो होतो.

बाटली कधीच कामाची नसते असं मी म्हणत नाही. भूकंपाने नळ फुटतात, पुराने विहिरीत घाण शिरते, तेव्हा पहिले दोन-तीन दिवस सीलबंद पाण्यासारखं सोयीचं काही नाही. पाणी भरपूर आहे पण विषारी आहे, अशाही जागा असतात. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरात नळाच्या पाण्यात शिसं उतरलं, तिथे २०१६च्या जानेवारीपासून २०१८च्या एप्रिलपर्यंत सरकारला बाटल्या वाटाव्या लागल्या. तिथे आंघोळीला, संडासाला पाणी होतं, पिण्याचं तेवढं नासलं होतं. बाटलीचं गणित तिथे बसतं. दुष्काळाचं नेमकं उलटं असतं : पाणी नासलेलं नसतं, नसतंच. आणि भूकंपासारखा तो रात्रीत येत नाही. धरणाची पातळी, विहिरीचा तळ, चुकलेला पाऊस, सगळं महिनोन्‌महिने आधी दिसत असतं. तरीही आपली मदत निघते ती भूकंपाच्या घाईने, फोटो छापून आल्यावर.

दुष्काळातच बाटली उपयोगी पडल्याचं एक चांगलं उदाहरण आहे, आणि ते तुमच्या बाजूचं वाटेल म्हणून मुद्दाम सांगतो. कॅलिफोर्नियातलं ईस्ट पोर्टरव्हिल. २०१४मध्ये तिथल्या घरगुती विहिरी एकामागून एक आटल्या. प्रशासनानं आधी बाटल्याच दिल्या, माणशी १२ गॅलन, म्हणजे साधारण ४५ लिटर. तीन आठवडे पुरवायचे तर दिवसाला दोन लिटर. पण त्यांनी तिथे थांबायचं ठरवलं नाही. अंगणांत मोठ्या टाक्या बसल्या, त्या टँकरने भरल्या जाऊ लागल्या, आणि २०१६पासून घरं शेजारच्या पोर्टरव्हिल शहराच्या नळयोजनेला जोडली जाऊ लागली. आधी बाटली, मग टाकी, मग नळ. बाटलीचं काम पहिल्या पायरीचं होतं, आणि पुढच्या पायऱ्या कोण बांधणार हे ठरवायला माणसं होती. तुमच्या ट्रकच्या मागे टाकी येते का? मग नळ येतो का? येत असेल तर मी हे पत्र मागे घेतो.

थोडं विषयांतर करतो, पण गंमत सांगण्यासारखी आहे. दुष्काळी भागात तुमच्या भरल्या बाटलीपेक्षा रिकामी बाटली जास्त दिवस कामाला येऊ शकते. पारदर्शक पेट बाटलीत बऱ्यापैकी निवळलेलं पाणी भरून ती कडक उन्हात सहा तास आडवी ठेवली की त्यातले बहुतेक रोगजंतू मरतात, आभाळ असेल तर लागोपाठ दोन दिवस ठेवावी लागते. स्वित्झर्लंडच्या एआवाग या जलसंशोधन संस्थेनं ही पद्धत तपासून अनेक देशांत नेली. दोन लिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही आणि गढूळ पाण्यावर ऊन काम करत नाही. आणि क्लोरीनची एक गोळी, ६७ मिलिग्रॅमची, २० लिटर स्वच्छ दिसणारं पाणी पिण्याजोगं करते. अशा हजार गोळ्या म्हणजे २० हजार लिटर, आणि त्या एका पिशवीत मावतात. तेवढंच पाणी बाटल्यांतून न्यायचं तर दोन ट्रक लागले असते. अर्थात गोळी पाणी निर्माण करत नाही. डबकं तरी हवंच.

मग द्यायचं काय? याचं उत्तर दर गावी वेगळं असतं, आणि इथेच आपली गाडी अडते, कारण वेगळं उत्तर गोळा करता येत नाही, ते विचारावं लागतं. एखाद्या गावाचा हातपंप नुसता वॉशर झिजल्यामुळे बंद पडलेला असतो. दुसऱ्या ठिकाणी पाणी दोन-तीन पाइपांइतकं खाली गेलेलं असतं, आणि विहिरीत खोली शिल्लक असेल तर तेवढे पाइप वाढवून पाणी उपसणारा सिलिंडर खाली सोडला की पंप पुन्हा चालतो. इंडिया मार्क-२ हा हातपंप आज आफ्रिकेच्याही कित्येक देशांत पाणी उपसतो. त्याचे पूर्वज जालना आणि सोलापूर इथे मिशनच्या कार्यशाळांत घडले, आणि १९७०च्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकार यांच्या प्रयत्नांतून त्याला आजचं रूप आलं. ओतीव लोखंडाचे जुने पंप धडाधड मोडत होते म्हणून कुणीतरी दुरुस्त करायला सोपं आणि टिकाऊ असं काही घडवलं. कोरड्या मुलखाला मिळालेलं इतकं मोठं दान क्वचितच असेल, आणि त्याला कुणी हार घातल्याचं ऐकिवात नाही.

जिथे पाणी दुरूनच आणावं लागतं तिथे साठवण लागते. ऑक्सफॅमच्या सुट्या भागांच्या टाक्या असतात, वाकवलेले पत्रे आणि आतून रबरी अस्तर, ११ हजार लिटरपासून ९५ हजार लिटरपर्यंतच्या. गडी माणसं हाताने जोडतात. टाकीला नळकोंडाळं लावलं की टँकरचं पाणी झुंबडीत सांडत नाही आणि रांगेत भांडणं होत नाहीत. घरात वीस लिटरचे झाकणाचे दोन कॅन असले तर भरलेलं पाणी घाण होत नाही. सोमालियाच्या उत्तरेकडच्या सोमालीलँडमध्ये तर मदत संस्थांनी पाण्याचे कूपन देऊन पाहिले. लोक ते तिथल्याच पाणीवाल्याला देतात, तो 'बर्कद' म्हणजे जमिनीतली टाकी भरून देतो, आणि संस्था त्याचे पैसे चुकते करते. तिथला पाणीवाला बुडत नाही, त्याची गाडी चालू राहते, आणि कुणाला किती पाणी हवं हे घरचा माणूस ठरवतो. आपण फुकट बाटल्या ओतल्या की अशा पाणीवाल्याचंच गिऱ्हाईक आधी तुटतं, आणि आपण परत गेलो की गावाला तोच लागतो.

पाण्याचं पाणी म्हणूनच दान करायचं असेल तर तेही करता येतं. केप टाउन शहरात २०१८च्या सुरुवातीला नळ बंद करायचा दिवस जवळ आला होता. त्याला 'डे झिरो' म्हणत. तो दिवस उजाडला असता तर सुमारे दोनशे ठिकाणी रांग लावून माणशी २५ लिटर पाणी घ्यावं लागणार होतं. फेब्रुवारीपासून वापरावर माणशी ५० लिटरची मर्यादा होती. त्या दिवसांत जवळच्या एल्गिन आणि ग्राबाउ भागातल्या शेतकऱ्यांच्या ग्रोनलँड पाणी वापर संघानं आपल्या धरणातलं १००० कोटी लिटर पाणी शहरासाठी सोडलं. नदीतून आणि जलवाहिन्यांतून ते शहराच्या धरणात गेलं, आणि नळ बंद होण्याचा दिवस सुमारे तीन आठवडे पुढे ढकलला गेला. पुढे लोकांनी वापर कमी केला, उशिरा का होईना पाऊसही आला, आणि तो दिवस टळला. याच काळात शहरातली दुकानं बाटल्यांच्या खरेदीने रिकामी होत होती. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की दानाचा फरक कळतो : एकीकडे ज्यांच्याकडे खरंच पाणी होतं त्यांनी ते वाटेवर सोडलं, दुसरीकडे ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी बाटली उचलली.

तुमचे आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण ते माझेही होते. पहिला असा की पैसे दिले तर मधले लोक खातात, बाटली तरी हातात पोहोचते. खातात, खरं आहे. टँकरच्या खेपा कागदावरच होतात, हेही खरं आहे. पण बाटली पोहोचते म्हणून मदत पोहोचली असं होत नाही. हिशेब मागायचा तर टाकीचा मागता येतो. ती बसली का, तिला गळती आहे का, नळाला पाणी येतं का, हे वर्षभराने जाऊनही पाहता येतं. वाटलेल्या बाटलीचा हिशेब कसा तपासणार? दुसरा आक्षेप असा की काहीच न करण्यापेक्षा हे बरं. यावर मला जरा राग येतो. कारण पर्याय 'काहीच नाही' हा नसतो. त्याच ट्रकचं डिझेल, तोच वेळ, तीच माणसं दुसरीकडे लागू शकली असती. शिवाय ट्रक आला की अधिकाऱ्यालाही हुश्श होतं : मदत चालू आहे, तिच्या बातम्याही येताहेत. तुमचा फलक त्यांची ढाल होतो.

तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही. लोकांना बाटली देता येते, वॉल्व्ह देता येत नाही. मुलाला वर्गात सांगा की पंपाच्या वॉशरसाठी पैसे आणा, तर घरून विचारतील, हे काय नवीन? बाटली दिसते, हातात धरता येते, दिल्याचं समाधान त्याच क्षणी मिळतं. मी याला नावं ठेवत नाही. दिल्याचं सुख हीच पुढच्या दानाची पुंजी असते. पण ते सुख मिळवून द्यायचे दुसरे रस्ते तुम्हाला शोधता येतील. त्याच मुलांना दिवसभर १५ लिटरमध्ये राहून बघायला सांगा. एका बादलीत प्यायचं, जेवायचं, धुवायचं सगळं. संध्याकाळी ती वॉशरचे पैसे स्वतःहून मागतील, आणि कशासाठी तेही सांगतील.

ज्यांच्याकडे बाटल्या आधीच जमल्या आहेत त्यांना म्हणेन, त्या फेकू नका आणि दूरही पाठवू नका. जवळच्या रुग्णालयाला, उन्हात काम करणाऱ्या माणसांना द्या, किंवा पुराच्या दिवसांसाठी मुदतीची तारीख बघून सावलीत राखून ठेवा. ट्रकसाठी ठरवलेलं भाडं मात्र तसंच बाजूला काढा. मग ज्या गावाला जायचं होतं तिथल्या पाणी समितीला किंवा तिथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेला फोन करा. माणसं किती आणि जनावरं किती, आज डोई किती लिटर मिळतं, कुठून मिळतं, आणि नेमकं काय मोडलंय, एवढं विचारा. फोन शक्यतो गावातल्या एखाद्या बाईंना द्यायला सांगा, कारण पाणी कोण भरतं हे सगळ्यांना माहीत आहे. उत्तर ऐकून बाटल्याच हव्यात असं निघालं, तर बाटल्याच पाठवा. माझा एवढाच आग्रह आहे की हा फोन ट्रक भरण्याआधी व्हावा.

आम्ही तो केला नव्हता. त्या गावात गुरांच्या हौदाला पाणी चढवणारी मोटर जळालेली होती, हे मला पुढे कितीतरी महिन्यांनी कळलं. आमच्या ट्रकच्या भाड्यात ती दुरुस्त झाली असती.

आपला,
बाटल्या गोळा केलेला एक माजी स्वयंसेवक